मायक्रोस्कोप पहिल्यांदाच हातात घेताय? आधी उजेड जुळवायला शिका

दहावीपर्यंत मराठी मीडियममधनं शिकून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला जातात आणि पहिल्याच महिन्यात बायोलॉजीच्या लॅबमध्ये सगळं इंग्लिशमधनं सुरू होतंय. ऑब्जेक्टिव्ह काय, कंडेन्सर काय, डायफ्राम काय, आणि पुढ्यात एक जड यंत्र. एका मायक्रोस्कोपवर चार-पाच जण, प्रत्येकाला दोन मिनिटं, आत बघावं तर एकतर सगळा काळोख नाहीतर आपल्याच पापण्या. मग बरीच पोरं "दिसलं सर" म्हणून बाजूला होतात आणि पुस्तकातली आकृती रेकॉर्डमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, उतरवून काढतात. असं कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहितोय. शाळेतले सर-मॅडम, किंवा घरी पोरांसाठी छोटा मायक्रोस्कोप आणलेले आई-बाबा, त्यांनाही उपयोगी पडेल.

नवीन माणसाला वाटतं की जितकं मोठं करू तितकं छान दिसणार, म्हणून आल्या आल्या सगळ्यात लांब भिंग फिरवून खाली आणतो आणि तिथंच सगळं बिघडतंय. स्पष्ट दिसणं हे मोठं करण्यापेक्षा उजेडावर जास्त अवलंबून आहे. भिंगाचा आकडा तर कंपनीनं ठरवून दिलेला असतो, आपल्या हातात असतो तो उजेड. तो जुळवता आला की साध्या 10 च्या भिंगात पण इतकं काही दिसतं की पोरं उठायला तयार होत नाहीत.

आधी यंत्र ओळखून घेऊया

उचलताना एक हात मागच्या वाकड्या दांड्याला, म्हणजे आर्मला, आणि दुसरा हात बुडाखाली, म्हणजे बेसखाली. एका हातानं लोंबकळत न्यायचं नाही, आयपीस वरनं नुसता बसवलेला असतो, तिरका झाला की सुटून पडतो. टेबलाच्या काठापासनं चार बोटं आत ठेवा.

वरनं खाली येऊ. डोळा लावतो तो आयपीस, त्यावर बहुतेक 10X लिहिलेलं असतं. खाली फिरणारी चकती, तो नोजपीस, त्याला तीन किंवा चार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे खालची भिंगं. आखूड असतो तो 4X, मग 10X, 40X, आणि असलाच तर 100X. अंगावर रंगीत पट्टा असतो, 4 ला लाल, 10 ला पिवळा, 40 ला फिकट निळा, 100 ला पांढरा, म्हणजे आकडा झिजला असला तरी ओळखता येतंय. एकूण किती पट मोठं ते काढायला आयपीस गुणिले ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे 10 गुणिले 40 म्हणजे 400 पट.

ऑब्जेक्टिव्हवर अजून दोन आकडे असतात ज्यांच्याकडं कुणी बघत नाही. 40 च्या पुढं 0.65 लिहिलेलं असतं, ते भिंग किती रुंद कोनातनं उजेड गोळा करतं त्याचं माप. बारीक तपशील दिसणार का नाही हे त्या आकड्यावर ठरतं. 1873 मध्ये एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं हा हिशोब मांडला, की उजेडाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असलेले दोन ठिपके अशा मायक्रोस्कोपमधनं वेगळे दिसतच नाहीत, मग तुम्ही कितीही पट मोठं करा. म्हणून खेळण्याच्या डब्यावर "1200 पट" छापलेलं बघून भुलू नका. दुसरा आकडा 0.17, ती कव्हर स्लिपची, म्हणजे बघायच्या वस्तूवर झाकतात त्या पातळ काचेची, जाडी मिलिमीटरमध्ये. भिंग तेवढी काच मध्ये आहे असं धरूनच बनवलेलं असतं, त्यामुळं 40 वर कव्हर स्लिप न घालता बघितलं की चित्र धुरकट येतंय.

त्याच्या खाली स्टेज, म्हणजे स्लाइड (बघायची वस्तू ठेवायची काचपट्टी) ठेवायचा सपाट ओटा, मधे भोक, वर दोन क्लिपा नाहीतर स्लाइड सरकवायची यंत्रणा. बाजूला दोन गोल मुठी. मोठी मूठ कोर्स, ती फिरवली की नळी किंवा स्टेज भराभर वरखाली होतंय. बारकी मूठ फाइन, ती केसभर हलवते.

आणि आता स्टेजच्या खालचा भाग, जो सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. तिथं कंडेन्सर नावाचं भिंग असतं, ते उजेड गोळा करून स्लाइडवर टाकतं. त्याला चिकटून आयरिस डायफ्राम, छोटा दांडा हलवला की आतलं भोक लहान-मोठं होतंय. आणि तळाला आरसा किंवा एलईडी. आपल्याकडच्या शाळांत अजून आरशाचे मायक्रोस्कोप पुष्कळ आहेत, पंजाब-हरियाणाच्या बाजूला अंबाल्याला अशी उपकरणं बनवायचा मोठा धंदा आहे, तिथले मायक्रोस्कोप देशभर शाळा-कॉलेजात दिसतात. आरशाचा आहे म्हणून कमी समजू नका, खिडकीचा उजेड चांगला असला तर तो मस्त चालतोय.

उजेड कसा जुळवायचा

4X फिरवून मधोमध आणा, टक् असा हलका आवाज येऊन बसला पाहिजे. स्लाइड अजून ठेवायची नाही. आयरिस पूर्ण उघडा, कंडेन्सर वर, स्टेजच्या जवळ घ्या. आरसा खिडकीकडं वळवा आणि डोळा लावून हळूहळू फिरवत राहा, मग पूर्ण गोल एकसारखा उजळ दिसेल. आरशाला दोन बाजू असतात, कंडेन्सर असेल तर सपाट बाजू, कंडेन्सर नसलेला साधा मायक्रोस्कोप असेल तर खोलगट बाजू.

एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो, आरसा कधीही थेट सूर्याकडं धरायचा नाही. भिंगातनं ऊन सरळ डोळ्यात जातं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान पोरं वापरत असतील तर टेबल सावलीतल्या खिडकीपाशी लावा, उत्तरेकडची असली तर उत्तमच. पावसाळ्यात इकडं दिवस दिवस आभाळ दाटलेलं असतंय, तेव्हा टेबल लॅम्प पुढं ठेवून त्यावर एक पांढरा ट्रेसिंग पेपर धरला की उजेड मऊ आणि एकसारखा पडतो.

दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासनं लावा. एक डोळा मिटून बघितलं की पाच मिनिटात कपाळ दुखायला लागतंय. सुरुवातीला दुसऱ्या डोळ्याला टेबल दिसत राहतं, चालू दे, मेंदू आपोआप त्याच्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो. चष्म्याचं बरेच जण विचारतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढून ठेवला तरी चालतो, फोकस फिरवून तो फरक भरून निघतो, पण सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा घालूनच बघा.

पहिली स्लाइड पेपरातलं अक्षर

कांदा नंतर. पहिल्यांदा कालच्या पेपरातलं बारीक छपाईतलं एक अक्षर कापा, फ घ्या किंवा क, ज्याचं उलटसुलट लगेच कळेल असं. स्लाइडवर ठेवा, एक थेंब पाणी, वर कव्हर स्लिप, आणि स्टेजवर सरळ वाचता येईल असं ठेवून क्लिपा लावा.

आता डोळा आयपीसला लावायचा नाही. बाजूनं वाकून बघत बघत कोर्स मूठ फिरवा आणि ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या जवळ आणा, टेकू द्यायचं नाही. मग डोळा लावा आणि कोर्स उलट्या बाजूला, म्हणजे भिंग आणि स्लाइड एकमेकांपासनं लांब जातील असं, सावकाश फिरवा. कुठंतरी अक्षर एकदम समोर येईल, तिथं थांबून फाइननं स्वच्छ करा. जवळ आणताना नजर बाहेर आणि लांब नेताना नजर आत, हा क्रम अंगवळणी पाडा, कारण लॅबमध्ये स्लाइडी फुटतात त्या बहुतेक याच्या उलट केल्यानं, आणि स्लाइड फुटली तर दोन रुपयाची गोष्ट पण 40 च्या भिंगावर ओरखडा उठला तर ते भिंग गेलंच.

अक्षर उलटं दिसेल, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडं. स्लाइड उजवीकडं सरकवली की चित्र डावीकडं पळतं. हे दहा मिनिटं नुसतं करत बसा, वर न्या, खाली न्या, कानामात्रेच्या टोकापर्यंत जाऊन परत या. शाईचे डाग कागदाच्या तंतूंवर कसे पसरलेत ते दिसेल. हाताला ही उलटी दिशा कळली की पुढं तळ्याच्या पाण्यातला पळणारा जीव पकडताना तारांबळ होत नाही.

मग अक्षराचा बघायचा भाग बरोबर मधोमध आणा आणि नोजपीस धरून (ऑब्जेक्टिव्ह धरून नाही) 10X वर फिरवा. चांगल्या मायक्रोस्कोपमध्ये एका भिंगावर फोकस झालं की दुसऱ्यावर जवळपास तसंच राहतं, फाइन थोडं फिरवलं की झालं. 40X वर जाताना परत तसंच, आधी मधोमध आणा, मग बाजूनं बघत फिरवा, आणि 40 वर गेल्यावर कोर्स मुठीला हातच लावायचा नाही. तिथं भिंग आणि काचेत एक मिलिमीटर पण अंतर नसतं.

आता कांदा

कांदा चिरून एक जाड पाकळी काढा, तिच्या आतल्या बाजूचा पातळ पारदर्शक पापुद्रा चिमट्यानं किंवा नखानं ओढला की सहज निघतो. नखाएवढाच तुकडा पुरे. स्लाइडवर आधी पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, सुईनं सरळ करून घ्या, घडी पडू देऊ नका. मग पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब. लॅबमध्ये सॅफ्रानिन नावाचा रंग देतात, ते पण चालतं, पण ते थेंबभरच, नाहीतर सगळं लालभडक होऊन काहीच कळत नाही. कव्हर स्लिप एका कडेनं टेकवून तिरकी धरायची आणि सुईच्या आधारानं हळू खाली सोडायची, एकदम वरनं ठेवली की हवेचे बुडबुडे अडकतात. बाहेर आलेलं पाणी ब्लॉटिंग पेपरनं टिपून घ्या, ओली स्लाइड 40 च्या भिंगाला लागली की सगळं धुरकट.

10X वर लांबट पेशींच्या ओळी दिसतील. आता आयरिसचा दांडा हळूहळू हलवून बघा. पूर्ण उघडा असताना सगळं पांढरंफट, फिकट. थोडा बंद केला की पेशींच्या भिंती उठून दिसायला लागतात, प्रत्येक पेशीतला पिवळसर गोल केंद्रक दिसतो. अजून बंद केला की काळपट होऊन कडांना दुहेरी रेघा येतात, म्हणजे जास्त झालं. मधली जागा ज्यानं त्यानं डोळ्यानं शोधायची. रंग दिलेली स्लाइड असेल तर आयरिस जास्त उघडा, बिनरंगाची असेल तर थोडा बंद, आणि भिंग बदललं की आयरिस परत जुळवायचा. उजेड कमी करायला कंडेन्सर खाली ओढायची सवय मात्र लावून घेऊ नका, एलईडी असेल तर त्याचा बटण फिरवा. 1893 मध्ये ऑगस्ट कोलर यांनी मायक्रोस्कोपला उजेड कसा द्यावा याची पद्धत मांडली, ती आजपण मोठ्या लॅबमध्ये रोज वापरतात. सव्वाशे वर्षं एवढी मेहनत लोकांनी उजेडावर घेतलीय ती उगीच नाही.

रेकॉर्डमध्ये जे दिसलं तेच काढा. कांद्याच्या त्या पापुद्र्यात हरितलवक नसतात, तरी दरवर्षी कुणीतरी हिरवे ठिपके काढतंच.

आपल्या भागातलं काय काय बघता येईल

विकतच्या तयार स्लाइडींची काहीच गरज नाही. बेळगाव तालुक्यात खरिपाचा बटाटा पिकतोय, खानापूरकडं भात, तेवढ्यावर एक सुंदर प्रयोग होतो. बटाटा कापून चाकूच्या टोकानं हलकं खरवडा, ते पाण्याच्या थेंबात कालवा, कव्हर स्लिप घाला. दुसऱ्या स्लाइडवर भिजवलेला तांदळाचा दाणा चिरडून तसंच. रंग न देता 40X वर बघा आणि आयरिस बराच बंद करा. बटाट्याच्या स्टार्चचे कण मोठे, अंड्याच्या आकाराचे, एका टोकाला ठिपका आणि त्याच्याभोवती एकात एक कडी, मोठे कण 100 मायक्रॉनपर्यंत जातात. तांदळाचे कण अगदी बारीक, कोपरे असलेले, 3 ते 8 मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आयरिस उघडा ठेवून बघितलं तर बटाट्याच्या कणातल्या कडी दिसतच नाहीत, बंद करत आणलं की एकेक उमटायला लागतात. उजेडाचं महत्त्व पटवायला याच्यापेक्षा चांगली स्लाइड मला माहीत नाही. नंतर कव्हर स्लिपच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला ब्लॉटिंग लावा, आयोडीन आत ओढलं जातं आणि कण डोळ्यादेखत निळे-काळे होत जातात.

निपाणीकडच्या पोरांनी तंबाखूचं ओलं पान बघावं. पान हाताला चिकट लागतं कारण त्यावर बारीक लव असते आणि तिच्या टोकाला चीक धरलेल्या गाठी. पानाच्या कडेचा छोटा तुकडा पाण्यात ठेवून 10X वर कडेकडंच बघा, एकावर एक पेशी रचलेली लव आणि तिचं टोपी घातल्यासारखं टोक स्वच्छ दिसतंय. नंतर हात साबणानं धुवा, निकोटीन कातडीतनं अंगात जातं.

पावसात भाताच्या खाचरातलं पाणी, किंवा घरी बरणीत पाणी घालून त्यात थोडं पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, टाकून आठवडाभर ठेवलेलं पाणी, त्याचा एक थेंब म्हणजे गजबजलेली दुनिया. तळाचं किंवा पिंजराला चिकटलेलं पाणी घ्या, वरचं निवळ नको. त्यातलं पॅरामेशियम, म्हणजे एका पेशीचा जीव, भराभर पळतं, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार धागे पसरून मग कव्हर स्लिप घाला, धाग्यांत अडकून ते जरा सावकाश होतं. हे बघताना 4X आणि 10X वरच राहा, 40 वर गेलात की ते दिसायच्या आत निघून जातं. लहान पोरांना तळ्याकाठी एकटं पाठवू नका, आणि रक्त बघायचं म्हणून घरी बोट टोचायचं नाही, ते लॅबमध्ये सरांच्या समोर, नवीन लॅन्सेटनंच.

दिसलेलं किती मोठं आहे?

प्लास्टिकची पारदर्शक पट्टी 4X खाली ठेवा आणि उजेडाच्या गोलात किती मिलिमीटर मावतात ते मोजा. समजा 4.5 आले. मग 10X वर 1.8 आणि 40X वर 0.45 मिलिमीटर, भिंग जितक्या पट वाढलं तितका गोल लहान. आता 10X वर कांद्याच्या पेशी लांबीनं सहा मावल्या तर 1.8 भागिले 6, म्हणजे एक पेशी 0.3 मिलिमीटर. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत हे सांगता आलं तर समोरच्या सरांना कळतं की पोरगं खरंच बघून आलंय.

काही दिसत नसेल तर

सगळा काळोख असेल तर निम्म्या वेळा ऑब्जेक्टिव्ह अर्धवट फिरलेला असतो, टक् करून बसवा. नाहीतर आरसा हललाय किंवा आयरिस पूर्ण मिटलाय. काळ्याकुट्ट जाड कडेचा एकदम गोल आकार दिसला आणि पोरं "पेशी सापडली" म्हणाली तर तो हवेचा बुडबुडा. 4 आणि 10 वर छान पण 40 वर काही केल्या फोकस होत नाही, तर बघा स्लाइड उलटी तर ठेवली नाही, कव्हर स्लिप खाली गेली की भिंग तेवढं जवळ पोचूच शकत नाही. डाग दिसत असेल तर आयपीस बोटानं फिरवा, डाग पण फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. दोन्हीनं हलला नाही तर ऑब्जेक्टिव्हवर. फाइन मूठ एका टोकाला जाऊन अडली तर जोर लावू नका, उलट फिरवून मधे आणा आणि कोर्सनं पुन्हा सुरुवात करा.

100X बद्दल थोडंच सांगतो, कारण ते एकट्यानं सुरू करायचं काम नाही. त्या भिंगाच्या आणि काचेच्या मधे इमर्शन ऑइलचा थेंब लागतो, ते तेल काचेसारखाच उजेड वळवतं म्हणून उजेड वाया जात नाही. दह्यातले जिवाणू बघायला हे वापरतात. तेल घातल्यावर परत 40X फिरवायचा नाही, ते भिंग तेलात बुडतं आणि पुढच्या बॅचला काहीच दिसत नाही. काम झालं की लगेच लेन्स पेपरनं तेल टिपायचं.

पावसाळा आणि बुरशी

आपल्या भागातला पाऊस मायक्रोस्कोपचा मोठा शत्रू. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर महिनोन् महिने भिंती ओल्या असतात, आणि भिंगाच्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी धरते. वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली की सुरक्षित असं वाटतं, पण ओल आतच कोंडली तर बुरशीला बरंच होतं. सगळ्यात सोपं म्हणजे ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचे, नळीच्या तोंडाला टोपण लावायचं. निळे सिलिकाचे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते भिजलेत, मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. शाळेत लाकडी कपाट असेल तर त्यात एक बारका बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती आहे, कपाट उबदार आणि कोरडं राहतं, फक्त तो कागद-कापडाला टेकणार नाही हे अटेंडर मामांना सांगून ठेवा.

भिंग पुसायला रुमाल, साडीचा पदर, टिश्यू पेपर काही नको. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग लेन्स पेपरनं हलक्या हातानं. वाफ द्यायला लागली तर नुसता श्वास सोडा, थुंकी नको. भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशी गेलेली दिसली तर स्क्रू खोलून स्वतः काढायला जाऊ नका, आतली भिंगं ठरलेल्या अंतरावर बसवलेली असतात, ती दुरुस्तीवाल्याकडंच द्यावी. आणि वापर झाला की दर वेळी 4X मधे आणून, स्टेज खाली करून, स्लाइड काढूनच झाकण घाला.